आधी घास उतरू दे

तासगावच्या स्टँडवरून एसटी हलली आणि आठवलं, आठ दिवस तुझ्याकडं राहून एवढं सांगितलं, पण तुपाचं राहूनच गेलं. विहीणबाईंच्या नाकातल्या, भरवायच्या नळीत तूप घालू नकोस. थंडीत ते आत गोठतं आणि मग पिचकारी दाबता दाबता तुझाच जीव वर येईल. चमचाभर गोडंतेल घाल. एका चमच्यात 45 उष्मांक असतात आणि ते नळीतून निमूट उतरतं.

म्हटलं, बाकीचंही आता लिहूनच काढावं. तू निम्मं ऐकलंस, निम्म्या वेळी कुकरची शिट्टी होत होती.

माझ्या आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, शाळेची पायरी पाहिली नव्हती. माणदेशातली बाई. कुणालाही भरवायला बसली की तिचं एकच बोलणं असायचं, ‘आधी घास उतरू दे.’ तान्ह्याला खिमट चाटवताना तेच, तापातून उठलेल्याला पेज पाजताना तेच. पुढं मी मिरजेला नर्सिंग शिकले. वॉनलेससाहेबांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून त्या गावाला दवाखान्यांची कमी नाही; सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीला लागून औषधांची दुकानं. तिथं जाडजूड पुस्तकांतून जे शिकले, त्यातलं बरंचसं आईच्या त्या चार शब्दांत मावत होतं. पण हे कळायला मला अण्णा, तुझे आजोबा, गमवावे लागले. ते पुढं सांगते.

आधी नळी. नाकातून निघालेल्या नळीवर जिथं चिकटपट्टी लावलीय, तिथं मी पेनानं खूण केलीय. दर वेळी घालायच्या आधी ती खूण बघायची. खूण नाकपुडीपासून लांब आलेली दिसली, तर नळी सरकलीय. अशा वेळी ती आत ढकलायची नाही आणि तिच्यातून थेंबही घालायचा नाही, दवाखाना गाठायचा. आम्ही पोरी होतो तेव्हा पिचकारीनं हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायचो. ती रीत भरवशाची नाही हे आता सगळे मानतात, नळी फुफ्फुसाकडं गेली तरी आवाज येऊ शकतो. म्हणून तुझ्या नवऱ्याला कुणी ती युक्ती शिकवली असेल तर विसरायला सांग.

भरवताना विहीणबाई आडव्या नकोत. तीन उशा लावल्यास तर त्या घसरून मानेत वाकतात आणि पोट दाबलं जातं. त्यापेक्षा पाठीखाली गादीची घडी घाल. पाठ निदान 45 अंशांत उभी हवी, आणि भरवून झाल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच. झालं एकदाचं म्हणून तू त्यांना लगेच कूस वळवायला जातेस, ते मी दोनदा पाहिलं. बोलले नाही, कारण पाहुणे बसले होते.

पिचकारीचा दट्ट्या काढून टाक. नळकांडं हातात धर, त्यात ओत आणि आपल्या वजनानं उतरू दे. भरभर जायला लागलं तर हात खाली घे. 250 मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि लागू देत. दट्ट्यानं दाबून तीन मिनिटांत संपवलंस तर पोट फुगतं, उलटी होते आणि उलटी श्वासनळीत जाते. सुरुवातीला 30 मिली पाणी, शेवटी 30 मिली पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. गोळ्या वेगळ्या कुटून, पाण्यात विरघळवून, एकेक करून घालायच्या. अन्नात कालवायच्या नाहीत. आणि सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. चिठ्ठी घेऊन औषधवाल्याला प्रत्येक गोळीचं विचारून ये. त्यात लाज कसली?

शेजारच्या काकू हळदीचं दूध नळीतून घालायला सांगत होत्या. सांगलीच्या पेठेतल्या हळदीचा मलाही अभिमान आहे, पण तिचा गाळ नळीच्या टोकाला बसतो. हळद फोडणीत राहू दे.

तोंडानं काही जात नाही म्हणून तोंड धुवायचं राहतं, ही चूक घरोघरी होते. न खाणाऱ्याचं तोंड खाणाऱ्यापेक्षा लवकर घाण होतं. लाळ घशात जातच असते, आणि घाण लाळ चुकून फुफ्फुसात गेली की न्यूमोनिया. सकाळ-संध्याकाळ मऊ फडक्यानं हिरड्या, जीभ आणि गालाचा आतला भाग पुसून काढ.

आता त्या नळीतून काय जातं ते. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी दिवसाला सहा वेळा 250 मिली लिहून दिलंय. म्हणजे दीड लिटर. तू दीड लिटर घालतेसही, पण तो दीड लिटर कशाचा? वरणावरचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी. आपल्याकडं ‘डाळीचं पाणी’ म्हणजे मोठी ताकद अशी समजूत आहे. अगं, डाळीची ताकद डाळीत असते, वर तरंगणाऱ्या पिवळ्या पाण्यात नसते. माप भरतं आणि माणूस वाळतो. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागं रोज साधारण 0.83 ग्रॅम प्रथिन लागतं. म्हाताऱ्या, आजारी माणसाला त्याहून जास्त, किलोमागं एक ग्रॅमच्या पुढं. विहीणबाई 50 किलोच्या धर. 50-60 ग्रॅम प्रथिन डाळीच्या पाण्यातून यायचं तर बादल्या लागतील.

म्हणून डाळ शिजवून मिक्सरला गंधासारखी वाटायची आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायची. दूध घालायचं. विहीणबाई अंडं खायच्या, तेव्हा उकडलेलं अंडं वाटून चालतं. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिन. साखरेचा आजार असला तर गोड किती ते डॉक्टरांना विचारून. आणि एक युक्ती नाचणीची. नाचणी भिजव, मोड आण, उन्हात वाळव, मंद भाज, मग दळ. मोड आलेल्या दाण्यातला रस पिठातल्या स्टार्चला फोडतो, त्यामुळं शिजवलं तरी ते फार घट्ट होत नाही. साध्या नाचणीचं दोन चमचे पीठ नळीत अडकतं, मोडाच्या नाचणीचं त्याहून जास्त पीठ सुरळीत जातं. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या बाया लेकरांना हेच सत्त्व द्यायच्या. त्यांना स्टार्च ठाऊक नव्हता, पातेल्यातलं पातळ होतं तेवढं ठाऊक होतं. केलेलं अन्न फ्रीजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नकोस, आणि कालचं आज नको.

ताकदीचं निघालंच आहे तर जरा आमच्या वेळचं सांगते. 1972 च्या दुष्काळात मी सतरा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, चवीला कडसर लागायची. आई ती कधी नुसती देत नसे. मूठभर हुलगा भाजून, भरडून त्याचं माडगं करायची आणि त्यात भाकरी कुस्करून द्यायची. म्हणायची, ‘कोरडी भाकरी पोट भरती, अंग भरत न्हाई.’ ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा तुकडा कमी असतो आणि हुलग्यात, मटकीत, घेवड्यात तो भरपूर असतो, हे मला मिरजेत कळलं. शिवाय नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या माणसांना पेलाग्रा नावाचा आजार व्हायचा. उन्हाला उघडी पडलेली कातडी काळी होते, गळ्याभोवती हार घातल्यासारखी. हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर काम केलं होतं. आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला हुलगा माहीत होता, आणि आज तुझ्या फडताळात तो एवढासाही नाही. आहेत ती प्रोटीनच्या जाहिरातीची बिस्किटं.

तुझ्या घरात दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ सगळं दूध डेअरीला जातं आणि घरात उरतं चहापुरतं. बिल येतं, ते मला मान्य आहे. पण रोज अर्धा लिटर घरात ठेवलास तर बिलातून जेवढं जाईल त्याहून जास्त औषधात वाचेल. बी-12 नावाचं जीवनसत्त्व पालेभाजीत, डाळीत मिळत नाही. दूध-दही, अंडी, मांस-मासळी यांतूनच येतं. तुम्ही घरात महिनोन्‌महिने मांसाहार करत नाही, मग उरलं काय?

आणि तुझ्याविषयी. जेवणाबरोबर चहा घेतेस, वरून ‘रक्त कमी’ म्हणून गूळ-बीट खातेस. चहा भाजीतलं लोह अडवून धरतो. जेवणाच्या आधी-मागं तासभर चहा नको, आणि भाजीवर लिंबू पीळ. आंबटानं लोह अंगी लागतं. गुळात, बेदाण्यात लोह असतं, पण पांडुरोग उतरवण्याइतकं नसतं. तासगावच्या बेदाण्याची बदनामी करत नाही, पण तो खाऊ आहे, औषध नाही. धाकटीच्या वेळी तू भाजकी माती खायचीस, आठवतंय? सगळे डोहाळे म्हणून हसले. माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन तपासून घे.

आता अण्णांचं.

अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं अडखळायचं, पण समज शाबूत. नळी निघाली होती, मऊ खायला परवानगी मिळाली होती. मी नर्स, तेव्हा घरात भरवायचा मान माझा. अण्णांना तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायची सवय, जन्माची. एका दुपारी मला ड्युटीला जायची घाई. त्यांनी तांब्याकडं खूण केली, मी उभ्याउभ्याच त्यांची मान मागं करून वरून पाणी ओतलं. ठसका लागला नाही. मला वाटलं, छान गेलं. तिसऱ्या दिवशी ताप, छातीत घरघर, आणि आठव्या दिवशी अण्णा गेले.

ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं, असं नसतं. घसा बधिर झालेल्याला पाणी श्वासनळीत गेलं तरी कळत नाही. आणि सगळ्यांत धोक्याचं पाणीच. आपल्याला वाटतं, पाणी म्हणजे सर्वांत सोपं. उलट ते इतकं झटकन पळतं की दुखावलेला घसा दार लावायच्या आत ते चुकीच्या वाटेनं निघून जातं. मान मागं केली की ती वाट आणखी उघडते. हे सगळं मला तेव्हा ठाऊक होतं, गं. परीक्षेत लिहिलं होतं.

म्हणून पुढं विहीणबाईंची नळी निघेल तेव्हा हे कर. गिळण्याची तपासणी करणाऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय चमचासुद्धा नाही. हो म्हटलं की त्यांना खुर्चीत ताठ बसव, पाय टेकलेले. तू समोर बस, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडेल अशी; उभी राहून भरवलंस तर त्या आपोआप मान वर करतात. हनुवटी किंचित खाली. कवळी घालून. लहान चमचा, तोही अर्धाच, चांगल्या बाजूनं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की घास उतरला. मग ‘आ’ म्हणायला लाव. आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा आला तर थांब, खोकायला सांग, पुन्हा गिळायला सांग. अधू बाजूच्या गालफडात घास साठून राहतो, त्यांना तो कळत नाही. बघून काढून टाक. फुलपात्र काठोकाठ भरून दे, म्हणजे मान मागं करावी लागत नाही, आणि निम्म्यावर आलं की परत भर. पाणी कितपत घट्ट करून द्यायचं ते तपासणारे सांगतील. तेव्हा मोडाची नाचणी नको, साधी, आळणारी.

दाराशी भाजीवाला आला तरी मधे उठायचं नाही.

आता थोरलीचं. तुला वाटतं मी हे विसरले. मुद्दाम शेवटी ठेवलं.

ती नीटच्या क्लासला सांगलीला जाते, डबा नेते, डबा रिकामा आणते. डबा रिकामा असला म्हणजे पोटात गेला असं नाही. मार्गशीर्षातले गुरुवार तिचे, संकष्टी तिची, नवरात्रात उठता-बसता उपास तिचा. सोळाव्या वर्षी एवढी भक्ती कुठून आली, असा तुला प्रश्न पडला नाही, उलट चारचौघींत कौतुक केलंस. मी आले त्या दिवशी तिनं सगळ्यांसाठी पुरणपोळ्या केल्या, दिवसभर मोबाइलवर रेसिपी बघत होती, आणि स्वतः एक तुकडासुद्धा तोंडात टाकला नाही. ते मला खटकलं. अमेरिकेत 1944-45 मध्ये मिनेसोटात 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते तरुण पाकक्रियेची पुस्तकं वाचत बसायचे, ताटाभोवती घुटमळायचे, चिडचिडे, उदास झाले. उपाशी मेंदू अन्नाचंच चिंतन करतो. म्हणजे तिचा तो हट्ट म्हणतेस ना, त्यातला निम्मा उपासमारीनं आलेला आहे.

तिची पाळी चार महिने नाही, हे तिनं मला सांगितलं. तुला सांगणार होती, तू रागावशील म्हणून थांबली. हात बर्फासारखे, दंडावर कोवळी लव. ओकते का, ते मी विचारलं, नाही म्हणाली. खरं धरते, पण तू जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणं, दात झिजणं, बोटांच्या सांध्यावर वण पडणं यावर लक्ष ठेव. पोलिसासारखं नको.

हा उपाशी राहण्याचा आजार आहे, नखरा नव्हे. मनाच्या आजारांत जीव घेणाऱ्यांमध्ये याचा नंबर फार वर लागतो, आणि ज्या दिवशी ती हसत क्लासला निघाली त्या दिवशीही तिच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं. तिला आधी फिजिशियनकडं ने. वजन, नाडी, रक्तदाब, ईसीजी, क्षार. मग मानसोपचार, मिरजेच्या शासकीय रुग्णालयात चौकशी कर, आणि आजच्या आज बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 नंबर सरकारी, फुकटचा आहे, मराठीत बोलतात. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द तुझ्या सासऱ्यांच्या तोंडून निघाला की तू लगेच थांबव, तिच्यासमोर थांबव.

आणि घरात कुणीही तिच्या अंगावर बोलायचं नाही. ‘बारीक झालीस, छान दिसतीस’ हे आपल्याकडं उंबऱ्यातच म्हणतात. ‘सुकलीस गं’ हेही नको. तिच्या कानाला ते शाबासकीसारखं लागतं. ताटावर बसलं की वजन, मार्क, लग्न, काही नाही. शेजारी बस, तू स्वतः जेव, गावच्या गप्पा मार.

एक फार महत्त्वाचं. ती उद्या तयार झाली तर आनंदाच्या भरात ताट भरून पुढं ठेवू नकोस. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या अंगात अन्न एकदम गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची चाल बिघडते. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेली माणसं भरपेट जेवून दगावली, तेव्हा डॉक्टरांच्या हे नीट ध्यानात आलं. आपल्याकडं वैद्यांचा क्रम जुनाच आहे, शोधनानंतर आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग यूष. मुदतीच्या तापातून उठलेल्याला आई आठवडाभर भाकरी दाखवत नसे. थोरलीला किती आणि कसं वाढवत न्यायचं ते डॉक्टर ठरवतील, रक्त तपासत तपासत. तू फक्त त्यांच्या पुढं पळू नकोस.

एसटी आता कराडच्या पुढं आलीय, ऊसतोडीच्या बैलगाड्यांनी वाट अडवलीय, सारखे गचके बसतात, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. तुझ्या ओट्याखालच्या डब्यात मी दोन किलो हुलगा ठेवलाय, म्हसवडचा. विहीणबाईंची नळी निघाली आणि गिळण्याची तपासणी झाली की पहिला चमचा त्याच्या माडग्याचा दे. पीठ बारीक, गुठळी नाही, मीठ बेताचं, कोमट. थोरलीला शेजारी बसव. आजीची घाटी हलली का ते बघायचं काम तिला दे. टीव्ही बंद कर.